फी, फॉर्म आणि एचआयव्ही : सांगली-मिरजेच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड परिसरातल्या महाविद्यालयांचे, तंत्रनिकेतनांचे आणि नर्सिंग स्कूलचे प्राचार्य व संस्थाचालक यांस,

स.न.वि.वि.

मी सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, समुपदेशक आहे. नोकरी कंत्राटी. नवा आदेश निघाला की पुढचं वर्ष, त्यामुळे पत्राखाली नाव नाही. तरी आपल्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, तुमच्या रॅलीपुढे लाल फीत लावून उभी असते, ती मीच.

लिहायला कारण घडलं ते असं. आपल्यापैकी एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात तक्रार आली, की एका मुलीला रात्री कोणीतरी चारचाकीतून सोडून जातं. रेक्टरबाईंनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना खाली हॉलमध्ये बसवलं, फोन गोळा केले आणि ज्या दोघींवर संशय होता त्यांचं व्हॉट्सॲप सगळ्यांसमोर वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी एकीचे वडील आले, ट्रंक आणि गादी टेम्पोत टाकून तिला घेऊन गेले. बाकीच्यांना संध्याकाळी सातची हजेरी लागू झाली. संस्थेच्या दप्तरी ही ‘शिस्तभंगाची कारवाई’ म्हणून मिटली. नाव घेत नाही, कारण हे त्या एकाच संस्थेत होतं असं मला अजिबात वाटत नाही.

या कारवाईचा एक परिणाम तुमच्या दप्तरात दिसणार नाही, तो माझ्या रजिस्टरमध्ये दिसला. त्या बाजूच्या मुली आमच्याकडे येईनाशा झाल्या. आधी अधूनमधून यायच्या. तोंडाला स्कार्फ, बहुतेक जोडीने, एक आत यायची आणि दुसरी केसपेपरच्या खिडकीपाशी ओळखीचं कोणी दिसतंय का ते बघत थांबायची. आता कोणी येत नाही. प्रश्न सुटला असं धरायचं असेल तर धरा.

या मुली कोण, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यात दोनच कप्पे आहेत : चांगल्या घरची मुलगी आणि धंद्यातली बाई. माझ्यासमोर बसणारी मुलगी या दोन्हींत मावत नाही. तिचे मेसचे पैसे कोणीतरी भरतं. कॉट बेसिसचं भाडं, मोबाइलचा हप्ता, गावाकडे भावाच्या दवाखान्याचं बिल, स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी. भरणारा वयाने दहा-पंधरा वर्षांनी मोठा असतो, बहुधा लग्न झालेला. जिथे ती अर्धवेळ काम करते तिथला मालक, प्लॉटिंगवाला, एखाद्या अकादमीचा सर, नाहीतर इन्स्टाग्रामवरची ओळख. दर ठरलेला नसतो. आपण काही विकतोय असं तिला वाटत नाही आणि विकत घेतोय असं त्याला वाटत नाही. ‘ते मदत करतात’ असं ती म्हणते आणि ते खोटंही नसतं. (नात्यात पैसा आला म्हणून नाक मुरडायचं, तर ज्या गावात हुंडा अजून घेतला जातो तिथे मुरडायला नाक उरणार नाही. पण तो विषय वेगळ्या पत्राचा.)

एकीचं सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. जत भागातली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत, पैसे येतील तेव्हा येतील. खुर्चीत बसल्यावर तिचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हता. ‘रिपोर्ट कॉलेजला जातो काय?’ नाही म्हटल्यावर तिने पाठीवरची सॅक काढून मांडीवर घेतली आणि मग बोलायला लागली. शिष्यवृत्ती पोर्टलवर अडकलेली. कॉलेजच्या ऑफिसातून निरोप आला, आधी सगळी फी भर, मग परीक्षेचा फॉर्म. शेवटची तारीख दोन दिवसांवर. ती जिथे संध्याकाळी कामाला जायची त्या दुकानदाराने तिथल्या तिथे फोनवरून अकरा हजार टाकले. कॉलेजच्या पावतीचा फोटो तिने मला दाखवला, अजून जपून ठेवला होता. ‘त्यांनी जबरदस्ती कधीच केली नाही मॅडम. पण नंतर बोलवायला लागल्यावर नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?’

कंडोमबद्दल विचारलं. ती पहिल्यांदा हसली. ‘एकदा म्हटलं मी. तर म्हणत्यात, मी काय लॉजवरचं गिऱ्हाईक हाय काय?’

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे तो चाचणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत बोलावलं, ती आली, तोही निगेटिव्ह. इथे थांबते, कारण तिची गोष्ट एवढीच सांगायची परवानगी आहे.

संस्थाचालकहो, त्या मुलीचा धोका सुरू झाला तो तुमच्या ऑफिसच्या खिडकीवर. गाडीतून सोडणारा माणूस त्यानंतर येतो. हे पत्र एवढ्याच कारणासाठी आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात.

सांगलीत एड्स म्हटलं की बोट गोकुळनगरकडे, धंद्यातल्या बायकांच्या वस्तीकडे, जातं. तिथलं खरं काय आहे ते ऐका. संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजे आपल्या ‘संग्राम’ने, १९९२ मध्ये त्या वस्तीत कंडोम वाटायला सुरुवात केली आणि वाटणाऱ्या बाहेरच्या नव्हत्या, त्याच वस्तीतल्या बायका होत्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. एखाद्या गिऱ्हाइकाने कंडोम नको म्हटलं तर एकटी बाई काय करणार? पैसे हवे असतात, ती मान तुकवणार. पण शेजारच्या दारात गेलं तरी तिथेही हेच ऐकायला मिळणार आहे हे एकदा गिऱ्हाइकाला कळलं की वाद संपतो. त्या बायकांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं असं नाही. त्या एकत्र होत्या आणि जे बोलायचं ते उघड बोलू शकत होत्या, एवढंच. आज माझ्यासमोर गोकुळनगरातली बाई बसली तर ती मागच्या तपासणीची तारीख स्वतःहून सांगते. तुमच्या महाविद्यालयातली मुलगी एकटी असते, हे नातं तिने मैत्रिणीपासूनही लपवलेलं असतं आणि कंडोमचं नाव काढणं म्हणजे त्या माणसाला ‘तुम्ही गिऱ्हाईक आहात’ असं तोंडावर सांगणं असतं. कुणाकडे बोट दाखवायचं ते आता ठरवा.

घाबरवण्यासाठी मी लिहीत नाही. एचआयव्हीचं प्रमाण आपल्याकडे सर्वसाधारण लोकसंख्येत कमी आहे, देशात हजार प्रौढांमागे साधारण दोन. चाचणीला येणाऱ्या बहुतेक मुली निगेटिव्हच निघतात. पण २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांवर आहेत, त्यातले सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि त्या एका वर्षात देशभरात ६८ हजारांच्या आसपास नवे संसर्ग झाले. त्यातला वाटा कमी वयाच्या मुलीकडे सहज येतो, कारण तिचं शरीर अजून कोवळं असतं, गर्भाशयाच्या मुखाची त्वचा पातळ असते, आणि मोठ्या वयाच्या पुरुषाच्या मागे आधीच्या नात्यांची रांग असते. त्यात अंगावरून पांढरं जाणं, खाज, फोड यासाठी ती दवाखान्यात न जाता मेडिकलमधून मलम आणते. गुप्तरोग तसाच राहिला की एचआयव्ही शिरायला वाट मोकळी. आणि एचआयव्ही सोडूनही बरंच काही असतं. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून वसतिगृहाच्या बाथरूममध्ये घेतलेल्या मुली रक्तस्राव होऊन इथल्या कॅज्युअल्टीत येतात, तेव्हा सोबत मैत्रीण असते आणि नातं विचारलं की ‘बहीण’ सांगते.

मुलांचं काय, असं आपण विचारलं नाहीत, कोणीच विचारत नाही. मुलंही येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी, गावाकडून आलेली, अंगाने तयार, खिशाने रिकामी. ॲपवरून ओळख होते, समोरचा पुरुष असतो, पाचशे-हजार रुपये किंवा बूट मिळतात. हा मुलगा स्वतःला समलिंगी म्हणत नाही, म्हणून त्या समाजात काम करणाऱ्या संस्थांच्या कुठल्याच यादीत तो येत नाही. गुदमैथुनात घेणाऱ्याला धोका सगळ्यांत जास्त असतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की ‘बाईकडे गेल्यावर होतो’. मुलगी रडते तरी. हा टेबलावरचं पेन घेऊन त्याचं टोपण उघडत-बंद करत बसतो आणि विचारतो, भरतीच्या मेडिकलमध्ये हे कळतं का.

आता तुमच्याकडून काय होतं ते बघू. एड्सजागृतीसाठी रेड रिबन क्लब आहे. रांगोळी स्पर्धा होते, पथनाट्य होतं, पथनाट्यात ट्रक ड्रायव्हर असतो, बिडी असते, दारूची बाटली असते आणि शेवटी तो मरतो. टाळ्या. समोर बसलेल्या मुलीचा त्या ट्रक ड्रायव्हरशी काय संबंध? तिचा ‘मदत करणारा’ इस्त्रीच्या शर्टात असतो. शिवाय आता कोणी मरतही नाही तसं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराचं, केंद्र आहे, औषध मोफत आहे, २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात, दिवसाला एक गोळी. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतका उरला नाही की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही. हे पथनाट्यात कधी आलेलं मी पाहिलं नाही. मरणाची भीती दाखवून आपण एकच साधलं, चाचणीची भीती.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) एचआयव्हीबद्दल पुरेशी आणि बरोबर माहिती असलेल्या बायका शंभरात २२ निघाल्या, पुरुष ३१. आपल्या राज्याने २००७ मध्ये शाळेतलं लैंगिक शिक्षण विधिमंडळातल्या गदारोळानंतर गुंडाळलं होतं. त्या वर्षी जी मुलं शाळेत होती ती आता तुमच्याकडे शिकवायला आहेत. प्राध्यापक लाजतात यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही.

एका तासाने काय होणार असं म्हणाल. केनियात एका संशोधनात आठवीच्या मुलींना ४० मिनिटांचा एकच तास घेतला होता. त्यात उपदेश नव्हता. कुठल्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण किती, ते आकड्यांनिशी फळ्यावर लिहिलं : तुमच्या वयाच्या मुलांत इतकं, तिशीतल्या माणसांत इतकं. पुढच्या वर्षभरात त्या शाळांतल्या मुलींमध्ये गर्भधारणा २८ टक्क्यांनी घटली आणि मोठ्या वयाच्या पुरुषापासून राहिलेली गर्भधारणा ६१ टक्क्यांनी. तिथला सरकारी अभ्यासक्रम ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगत होता, त्याने काही फरक पडला नाही. केनियाचे आकडे आपले नव्हेत, तिथे रोगाचं प्रमाण कितीतरी जास्त. पण मुलगी आकडे समजून घेऊन स्वतःचं ठरवू शकते, एवढं त्यातून कळायला हरकत नाही. आपल्या मुली केनियाच्या मुलींपेक्षा गणितात कच्च्या आहेत असं तुमचे निकाल सांगत नाहीत.

पैशाचंही तसंच. मलावीत झोंबा जिल्ह्यात अविवाहित मुलींना महिन्याला १ ते ५ डॉलर आणि घरच्यांना ४ ते १० डॉलर देऊन पाहिले. दीड वर्षाने रक्त तपासलं तेव्हा पैसे मिळालेल्या शाळकरी मुलींत एचआयव्ही १.२ टक्के होता, न मिळालेल्यांत ३ टक्के. मुख्य म्हणजे मोठ्या वयाच्या पुरुषांशी संबंध कमी झाले होते. हे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका प्रयोगात मात्र पैसे देऊन एचआयव्हीत फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. तिथे पैसे मिळोत न मिळोत, मुली तशाही शाळेत टिकून होत्या, आणि शाळेत टिकलेल्या मुलीला धोका कमी होता. म्हणजे नुसती नोट हातावर ठेवून भागत नाही. शिक्षण तुटू नये आणि ते तुटेल या भीतीने कोणाकडे हात पसरावा लागू नये, हे जिथे साधतं तिथे फरक पडतो. आणि हे साधणं सगळ्यांत जास्त कोणाच्या हातात आहे? माझ्या नाही. मी रक्त काढायला पाठवते.

तुमच्या हातात आहे ते बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. परिपत्रक तुमच्या काचेच्या फलकात लावलेलं आहे, मी वाचलंय. खिडकीवर मात्र मुलीला सांगितलं जातं, आधी भर, सरकारकडून आलं की परत देऊ. तुमची बाजूही मला माहीत आहे : शासनाची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, पगार थांबतात. खरं आहे. पण सरकारने थकवलेले पैसे तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडून वसूल करता, आणि तिच्याकडे ते नसतात म्हणून ती दुसऱ्या कोणाकडून आणते. तो दुसरा कोण हे तुम्ही विचारत नाही. पावती फाडली की झालं. मग सहा महिन्यांनी तोच दुसरा गाडी घेऊन वसतिगृहाच्या गेटवर दिसला, की शिस्त आठवते.

शुल्क माफ झालं तरी मेस आणि भाडं राहतंच. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, पण पैसे येतात ते वर्ष संपत आल्यावर. मेसवाल्या काकू दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतात. या मधल्या महिन्यांसाठी तुमच्याकडे काही आहे का? दरवर्षी स्नेहसंमेलनाला लेझर लाइट आणि पुण्याहून निवेदक येतो, त्यातून दहा मुलांचा दोन महिन्यांचा मेसचा खर्च निघेल, परतफेडीच्या बोलीवर. हे दान नको. मुली दान घेत नाहीत, लाजतात. अर्ज, सही, शिष्यवृत्ती आली की कापून घ्यायचं. तुमच्यातले बरेच जण पतसंस्था चालवतात, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

आणि फी थकली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवणं बंद करा. फी वसूल करायला निकाल आहे, पुढचं वर्ष आहे, पालक आहेत. मूळ गुणपत्रिका आणि दाखले मात्र अडकवून ठेवू नका, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच ते मना केलंय. फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधीचे दोन-तीन दिवस हे मुलीच्या वर्षातले सगळ्यांत धोक्याचे दिवस असतात, असं मी माझ्या कामावरून सांगते. तेव्हा जो पैसे देतो तो नंतर कधीही मागू शकतो.

कायद्याचं थोडं, कारण तुमचे विधी सल्लागार कदाचित हे सांगत नसतील. काही नर्सिंग स्कूल प्रवेशाच्या वेळी एचआयव्हीचा रिपोर्ट मागतात. आमच्याकडेच पाठवतात, चिठ्ठीवर ‘ॲडमिशनसाठी’ असं चक्क लिहून. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षणासाठी चाचणीची अट घालणं त्यात बसत नाही, आणि चाचणी कोणी केली, निकाल काय आला हे मुलीच्या संमतीशिवाय उघड करणंही बसत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेने या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तुमचा कोण आहे? रेक्टरबाईंना विचारून बघा, त्यांना माहीत आहे का.

दुसरं, पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्या रात्री ज्यांचे फोन वाचले त्यांतली कोणी अठराच्या आतली असेल, तर गाडीवाल्याने गुन्हा केला होता आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याच्या कलम १९ प्रमाणे संस्थेवर बंधनकारक होतं. कळवलं कोणाला? वडिलांना. गाडीचा नंबर गेटवरच्या वॉचमनच्या वहीत लिहिलेला असूनही तो कोणी बघितला नाही. मुलीचं सामान टेम्पोत आणि त्या माणसाचं नाव कुठेच नाही, याला कुठल्या कायद्याने शिस्त म्हणायचं?

या दोन कायद्यांनी माझंही काम सोपं केलेलं नाही. सतरा वर्षांची मुलगी एकटी आली तर पालकाच्या संमतीशिवाय मी चाचणी करू शकत नाही, आणि ती काय सांगते त्यावर मला पुढे कळवावं लागतं. मुलींना हे ऐकून माहीत असतं, म्हणून त्या वय अठराच सांगतात किंवा येतच नाहीत. कायदा बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण अठराच्या पुढच्या मुलींना तरी ‘वसतिगृहाला कळेल’ ही भीती नको, तेवढं तुम्ही करू शकता. फोन उघडणं थांबवा. सातचा नियम ठेवायचा तर मुलांच्या वसतिगृहालाही ठेवा, मग बघू किती दिवस टिकतो. आणि सातला गेट लावून काय होतं ते माझ्याकडून ऐका : भेटी दुपारी होतात. लॉज दुपारीही उघडे असतात.

बळजबरी झाली असेल तर एक गोष्ट तुमच्या प्रत्येक रेक्टरला पाठ असायला हवी. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, मुलीला सरकारी रुग्णालयात आणलं तर एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणूनही औषध देतात. उपचार मोफत आहेत, आधी एफआयआर आणा असं म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. सध्या होतं असं की पहिले दोन दिवस ‘संस्थेचं नाव येईल’ यावर बैठका होतात.

तर मागणं असं. या वर्षी एक डिसेंबरची वाट न बघता, पहिल्या वर्षाचे वर्ग भरले की मला किंवा माझ्या कोणा सहकाऱ्याला एक तास द्या. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या केंद्राला साध्या कागदावर अर्ज केला की पुरे, मानधन लागत नाही, हार-नारळ नको. मुलं-मुली एकत्र बसवा. त्या तासाला शिक्षकांनी आणि रेक्टरनी वर्गाबाहेर थांबायचं, ही एकच अट. मी फळ्यावर १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा नंबर लिहीन, केंद्र कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर आहे त्याचा नकाशा काढीन, कंडोम दाखवीन, आणि कोणी पैसे पुढे केले तर घेण्याआधी काय विचारायचं ते बोलीन. त्याच दिवशी तुमच्या ऑफिसातल्या कारकुनाला वर्गात पाठवून शिष्यवृत्ती अडकलेल्यांनी काय करायचं, कोणाला भेटायचं हे सांगायला लावा. माझ्या भाषणापेक्षा त्याची दहा मिनिटं जास्त कामाची आहेत.

आणि हा तास वेळापत्रकात शेवटी टाकू नका. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची मुलं शेवटच्या तासाआधीच एसटीसाठी निघून जातात.

आपली,
एक समुपदेशक, मिरज